युरियाची गोणी, ऊन आणि पाणी फोडणारी पावडर

'पाण्यावर चालणारी मोटारसायकल' असा व्हिडिओ दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. टाकीत बाटलीभर पाणी ओतलं, किक मारली, गाडी सुरू. असं खरंच होतं का? होत नाही. पाणी हे इंधनच नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर जे उरतं ते पाणी. त्यातून हायड्रोजन पुन्हा काढायचा तर जळताना बाहेर पडलेली ऊर्जा परत भरावी लागते. १८ ग्रॅम पाणी फोडायला कमीत कमी २३७ किलोज्यूल लागतात आणि हाती येतो २ ग्रॅम हायड्रोजन. या रकमेत कोणीही सूट देत नाही, जगातला सगळ्यात भारी कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थसुद्धा नाही. प्रश्न फक्त एवढाच की ही रक्कम भरायची कोणी: नैसर्गिक वायूनं, विजेनं की थेट उन्हानं?

उन्हानं भरायची असेल तर एक पद्धत ऐकायला फार सोपी आहे. पाण्यात एक पावडर टाकायची, भांडं उन्हात ठेवायचं आणि वर येणारे बुडबुडे गोळा करायचे. ना वायर, ना इन्व्हर्टर. या पावडरीला फोटोकॅटॅलिस्ट म्हणतात. गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा तिच्या मागे लागल्या आहेत. आपल्याकडेही रसायनशास्त्रात नाहीतर भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एखाद्या मुलीला 'काय करतेस गं तिथं दिवसभर?' असं विचारलं तर 'नॅनोकंपोझिट बनवते' असं उत्तर येतं आणि विषय तिथंच थांबतो. तो थोडा पुढे नेऊ.

आधी हायड्रोजनशी आपला काय संबंध ते बघू. पुढेमागे हायड्रोजनवर बस धावेल तेव्हा धावेल, पण मराठवाड्यात हायड्रोजन आजही येतो, गोणीत भरून. युरिया अमोनियापासून होतो, आणि अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन लागतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत साधारण २०.७ किलो नायट्रोजन, त्यासाठी २५ किलो अमोनिया, आणि त्या अमोनियात जवळपास साडेचार किलो हायड्रोजन. कापसाला किंवा उसाला टाकलेल्या प्रत्येक गोणीमागे एवढा हायड्रोजन कुठल्यातरी कारखान्यात तयार झालेला असतो. तो तयार होतो मुख्यतः नैसर्गिक वायूवर तापलेली वाफ सोडून, आणि या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्यात डोळ्यासमोर असलेल्या पहिल्या ग्राहकांत खत कारखाने आणि तेल शुद्धीकरण कारखाने आहेत. मोटारसायकल नव्हे.

आता पावडरीकडे वळू. पहिली नावाजलेली पावडर आपल्या घरातच आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या आणि दाराच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा. बरीच वर्षं ऊन खाल्लेल्या जुन्या पांढऱ्या दारावरून हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. रंग 'सुटला' असं आपण म्हणतो. यात उन्हाचा स्वतःचा वाटा असतोच, पण या पावडरीचाही असतो: उन्हातले अतिनील किरण शोषून ती भोवतालचा चिकट पदार्थ, ज्यानं रंग भिंतीला धरून ठेवलेला असतो, तोच तोडत जाते. म्हणून चांगल्या रंगात आता तिच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर चढवतात, तिला गप्प बसवायला. रंगवाल्यांची ही डोकेदुखी हायड्रोजनवाल्यांना हवीहवीशी आहे. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाचा एक इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमचा दुसरा घेऊन, प्रकाश टाकून पाणी फोडता येतं हे 'नेचर'मध्ये छापलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आत काय घडतं? ही पावडर अर्धवाहक असते, म्हणजे विजेची धड वाहक नाही आणि धड रोधकही नाही. अशा पदार्थावर पुरेशा ताकदीचा प्रकाशकण पडला की एक इलेक्ट्रॉन त्याच्या बसल्या जागेवरून उठून वरच्या पातळीत जातो आणि मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन ऋण, होल धन. इलेक्ट्रॉननं पृष्ठभागावर येऊन पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचा वायू करायचा, होलनं पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करायचा. कागदावर काम इतकंच आहे. या दोन पातळ्यांमधल्या अंतराला बँडगॅप म्हणतात आणि ते इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ पुरतात. प्रत्यक्षात गळती धरून दोनच्या आसपास लागतात. त्यातही अंतर पुरेसं असून भागत नाही, पातळ्या योग्य जागी असाव्या लागतात. वरची पातळी हायड्रोजन तयार होण्याच्या रेषेच्या वर हवी, खालची ऑक्सिजनच्या रेषेच्या खाली. टंगस्टन ऑक्साइडचं अंतर २.७ आहे, ऑक्सिजन ते झकास काढतं, पण त्याची वरची पातळी इतकी खाली बसली आहे की हायड्रोजन निघत नाही. लोखंडाच्या गंजाचंही तेच. गंज फुकटात मिळतो, दृश्य प्रकाश भरपूर शोषतो, आणि तरी एकट्यानं त्याचा उपयोग नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ्या योग्य जागी आहेत. अडचण अंतराची आहे: ३.२. म्हणजे साधारण ३९० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचेच किरण त्याला चालतात, आणि सूर्यप्रकाशात अशी अतिनील ऊर्जा जेमतेम चार-पाच टक्के. मे महिन्यात परभणीत डोळे उघडू देत नाही असं ऊन पडलेलं असतं, त्यातलं पंच्याण्णव टक्के ही पावडर तशीच परत लावते. मग कॅडमियम सल्फाइड घ्या. पिवळंधमक, अंतर २.४, दृश्य प्रकाशातला निळा भाग आणि हिरव्याची कडा खाते. पण उजेडात त्याचे होल पाण्याला हात लावायच्या आधी स्वतःच्याच गंधकाला खातात आणि पावडर विरघळू लागते. विरघळते म्हणजे कॅडमियम पाण्यात उतरतो, आणि कॅडमियम विषारी आहे.

रंगाची अडचण दिसते तरी. खरा मोठा घाटा दिसत नाही. प्रकाशानं सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना ओढतात. बहुतेक जोड्या सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास, कित्येकदा त्याही आधी, पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णता किंवा मंद उजेड होऊन निघून जाते. उलट पृष्ठभागावर पाण्याशी होणाऱ्या क्रिया संथ. त्यांना सेकंदाचा लाखावा, हजारावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे कामाची वेळ यायच्या कितीतरी आधी कामगार गायब. फोटोकॅटॅलिस्ट सुधारायचा म्हणजे मुख्यतः या दोघांना तेवढा वेळ लांब ठेवायचं. कंपोझिट, म्हणजे दोन-तीन पदार्थांची जोडणी, याच कामासाठी.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नसतो, जोडी असते. एक जण ऊस तोडतो, दुसरं पाचट काढून मोळी बांधतं आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेतं. तोडणारा कितीही चपळ असो, मोळ्या उचलणारं कोणी नसेल तर ऊस फडात वाळतो, वजन घटतं, साखर उतारा पडतो. फोटोकॅटॅलिस्टमध्ये प्रकाश शोषणं हे तोडणं. इलेक्ट्रॉन वेगळा काढून पृष्ठभागापर्यंत नेणं आणि तिथं त्याच्याकडून हायड्रोजन करवून घेणं ही पुढची कामं. एकच पदार्थ ही सगळी कामं चांगली करतो असं सहसा आढळत नाही. म्हणून दोन-तीन पदार्थ एकमेकांना चिकटवायचे आणि कामं वाटून द्यायची.

यातला सगळ्यात जुना जोडीदार प्लॅटिनम. पावडरीच्या कणांवर वजनाच्या अर्धा-एक टक्का प्लॅटिनमचे अगदी बारीक ठिपके बसवतात. इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात, होल मागे राहतात. शिवाय हायड्रोजनचा अणू प्लॅटिनमला ना फार घट्ट चिकटतो ना फार सैल, त्यामुळे दोन अणू जुळून वायू सुटणं सोपं होतं. प्लॅटिनम बसवायची रीतही मजेशीर आहे: पावडर, प्लॅटिनमचा क्षार आणि थोडं मिथेनॉल पाण्यात एकत्र करून दिवा लावायचा, पावडर स्वतःच आपल्या इलेक्ट्रॉननी प्लॅटिनम अंगावर चढवून घेते. महाग पडतं ते अर्थातच धातूमुळे. म्हणून निकेल, तांबं आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे पर्याय पुढे आले. शेवटचं नाव अवघड वाटलं तरी ट्रॅक्टरच्या गॅरेजात काळं 'मोली ग्रीस' पाहिलं असेल तर त्यातला काळा घटक हाच. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वंगण. आणि हायड्रोजन निघतो तो थरांच्या सपाट पाठीवर नाही, कडांवर. म्हणून संशोधक त्याचे बारीक तुकडे करून कडा वाढवत बसतात.

दुसरी रीत म्हणजे कार्बनचा पातळ पत्रा, ग्राफीन, मध्ये घालणं. तो इलेक्ट्रॉन पटकन वाहून नेतो. इथं एक गंमत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला भेटते. एक टक्का ग्राफीन घातलं तर हायड्रोजन वाढतो. मग पाच टक्के घातलं तर आणखी वाढेल? कमी होतो. ग्राफीन काळं असतं, ते पावडरीच्या वाट्याचा उजेड स्वतःच खाऊन टाकतं. प्लॅटिनमचंही तसंच, जास्त झालं की ठिपके मोठे होतात, सावली धरतात आणि इलेक्ट्रॉन-होल भेटायच्या जागा बनतात. त्यामुळे या विषयातल्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात एक टेकडीसारखा आलेख असतो: प्रमाण वाढवत गेलो, उत्पादन वाढलं, शिखर आलं, उतरलं.

आता एक पावडर जवळून बघू, कारण तिचा कच्चा माल म्हणजे तीच युरियाची गोणी. २००९ मध्ये चीन, जर्मनी आणि जपानमधल्या संशोधकांनी मिळून ग्राफायटिक कार्बन नायट्राइड हा पदार्थ दृश्य प्रकाशात हायड्रोजन काढतो हे दाखवलं. त्यात धातू अजिबात नाही, फक्त कार्बन आणि नायट्रोजन, काठाला थोडा हायड्रोजन. प्रयोगशाळेत शुद्ध युरिया घेतात, खताच्या गोणीतला नाही. चिनीमातीच्या मुशीत भरायचा, झाकण घट्ट ठेवायचं आणि मफल भट्टीत ५५० अंशांपर्यंत हळूहळू तापवत न्यायचं. साधारण १३३ अंशांना युरिया वितळतो, पुढे अमोनिया सुटू लागतो. भट्टी धुराड्याखाली नसेल तर डोळ्यांतून पाणी येतं. दोन-तीन तासांनी भट्टी बंद करून गार झाल्यावर झाकण काढलं की तळाशी फिकट पिवळी, फुंकरीनं उडेल इतकी हलकी भुकटी असते. दहा ग्रॅम युरिया घातला तर पुष्कळदा अर्धा ग्रॅमही हाती लागत नाही, बाकीचा वायू होऊन गेलेला असतो. हाच पदार्थ मेलामाइनपासून केला तर भुकटी जास्त मिळते, पण दाट आणि कमी सच्छिद्र. युरियातून सुटणारे वायूच तिला भोकं पाडतात, आणि पृष्ठभाग वाढणं इथं फायद्याचं.

या भुकटीचा बँडगॅप २.७, म्हणजे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा उजेड ती घेते. वरची पातळी हायड्रोजनसाठी मस्त उंच. ऑक्सिजन काढायला मात्र तिचे होल फारसे जोरकस नाहीत, आणि इलेक्ट्रॉन-होल भेटण्याचा रोग इथंही आहेच. टंगस्टन ऑक्साइड आठवा: त्याचे होल जोरकस, इलेक्ट्रॉन कमजोर. दोघांना जोडलं तर?

इथं कंपोझिटमधली सगळ्यात रंजक भानगड सुरू होते. जुनी समजूत अशी होती की दोन अर्धवाहक चिकटवले की इलेक्ट्रॉन खालच्या पातळीकडे जातात, होल वरच्या पातळीकडे, आणि दोघं दोन वेगळ्या पदार्थांत जाऊन बसले की झालं वेगळं. याला टाइप-टू जोड म्हणतात. वेगळे होतात हे खरं, पण किंमत मोजून. इलेक्ट्रॉन खाली उतरला की त्याची हायड्रोजन काढायची ताकद जाते. कार्बन नायट्राइडमधले सगळे तगडे इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडमध्ये गेले तर हायड्रोजन शून्य. मग हवं ते उलटं: टंगस्टन ऑक्साइडमधले कमजोर इलेक्ट्रॉन आणि कार्बन नायट्राइडमधले कमजोर होल यांनी सांध्यावर एकमेकांना संपवावं, आणि मागे एकीकडे तगडे इलेक्ट्रॉन, दुसरीकडे तगडे होल उरावेत. निम्मे प्रकाशकण असे वाया जातात, पण उरलेल्यांत पाणी फोडायची धमक राहते. झाडाच्या पानातही प्रकाश दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या यंत्रणांत घेतला जातो. त्यावरूनच या मांडणीला आधी झेड-स्कीम म्हटलं गेलं, आणि २०१९ पासून तिच्या एका सुधारित रूपाला एस-स्कीम म्हणतात.

हे आपोआप का घडावं? दोन वेगळे पदार्थ एकमेकांना नीट टेकले की इलेक्ट्रॉन एकातून दुसऱ्यात थोडेसे सरकतात, दोघांची पातळी सारखी होईपर्यंत. इथं ते अंधारातच कार्बन नायट्राइडकडून टंगस्टन ऑक्साइडकडे जातात. एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण होते आणि सांध्यात कायमचं विद्युतक्षेत्र बसतं. उजेड पडल्यावर हेच क्षेत्र टंगस्टन ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनना सांध्याकडे ओढतं आणि कार्बन नायट्राइडमधल्या तगड्या इलेक्ट्रॉनना पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून माझ्या मते कंपोझिटमध्ये कुठले पदार्थ घेतले यापेक्षा सांधा कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. दोन पावडरी खलात घोटून एकत्र केल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन ढीग शेजारी शेजारी दिसतात, सांधा जवळजवळ नसतोच. म्हणून एक पदार्थ दुसऱ्याच्या अंगावरच उगवतात: टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी डब्यात द्रावण भरून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचं, ही नेहमीची रीत. प्रामाणिक संशोधक नुसत्या मिश्रणाचाही आकडा शेजारी देतो. जोड नक्की टाइप-टू आहे की एस-स्कीम हे ठरवणं कठीण असतं. उजेड चालू असताना इलेक्ट्रॉन कुठल्या पदार्थात साचले हे प्रत्यक्ष मोजावं लागतं. तेवढं न करता आकृतीत हवे तसे बाण काढून मोकळे झालेले निबंध थोडेथोडके नाहीत.

आता आकड्यांबद्दल, कारण फसगत इथंच होते.

प्रयोग असा चालतो. काचेच्या भांड्यात पाणी आणि पन्नास मिलिग्रॅम पावडर. आतली हवा आर्गॉन सोडून काढून टाकायची, तोंडाला रबरी बूच, बाहेरून गार पाण्याचं वेष्टण, समोर ३०० वॉटचा झेनॉन दिवा. दर तासाला बुचातून सुई घालून थोडा वायू ओढायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायूतले घटक मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचा. उत्तर येतं 'एका ग्रॅमला एका तासात इतके मायक्रोमोल' (मायक्रोमोल हे वायू मोजायचं एक अगदी लहान माप). समजा १०,००० आले. वाचायला भव्य. पण भांड्यात पावडर पन्नास मिलिग्रॅमच होती, म्हणजे प्रत्यक्षात तासाला बारा मिलिलिटर वायू, वजनानं एक मिलिग्रॅम. आणि एक ग्रॅम पावडर घातली असती तर वीसपट आला असता का? नाही, कारण दिव्याचा उजेड तेवढाच होता. म्हणून हा आकडा दोन प्रयोगशाळांमध्ये ताडून बघता येत नाही. ठरावीक रंगाचे किती प्रकाशकण पडले आणि त्यांतले किती कामी आले हे सांगणारा क्वांटम यील्ड, किंवा पडलेल्या उन्हातली किती टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये गेली हा आकडा विचारावा. 'कंपोझिटनं उत्पादन पन्नास पट वाढलं' या वाक्याचाही तोच प्रकार. कशाच्या पन्नास पट? मूळ पावडर जवळजवळ काहीच देत नसेल तर पन्नास पट म्हणजेही थोडंच.

दुसरी गोष्ट अनेकदा बारीक अक्षरात असते. त्या पाण्यात नुसतं पाणी नसतं. मिथेनॉल, लॅक्टिक ॲसिड, ट्रायइथेनॉलअमाइन किंवा सोडियम सल्फाइड-सल्फाइट घातलेलं असतं. हे पदार्थ होलना चटकन खाऊ घातले जातात, म्हणून त्यांना बळी जाणारे पदार्थ म्हणतात. होल गेले की इलेक्ट्रॉनला रान मोकळं, हायड्रोजन भरभरून. पदार्थ समजून घ्यायला हे ठीक आहे. पण मग ऑक्सिजन निघत नाही, म्हणजे पाणी फुटलेलंच नाही, आणि मिथेनॉल विकत आणून हायड्रोजन काढण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या सांडपाण्यातली घाण हा बळी म्हणून वापरता आली तर गोष्ट वेगळी, आणि त्या दिशेनं काम चालू आहे.

बाहेर, खऱ्या उन्हात काय झालं? २०२१ मध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटानं जपानमध्ये १०० चौरस मीटरवर अशा पावडरीचे पॅनल मांडले. पावडर होती ॲल्युमिनियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम टायटनेट, अंगावर हायड्रोजनसाठी वेगळे आणि ऑक्सिजनसाठी वेगळे ठिपके बसवलेले. अतिनील किरणांत हा पदार्थ जवळजवळ परिपूर्ण आहे. ३५० ते ३६० नॅनोमीटरला त्याचा क्वांटम यील्ड ९६ टक्क्यांच्या आसपास मोजला गेला. म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे ठेवण्याचा प्रश्न सुटू शकतो हे सिद्ध झालं. तरीही उन्हातली कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्का, कारण दृश्य प्रकाश वायाच. पॅनलमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात, आणि हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात पेट घेणारा हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर ठेवणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांनी पातळ पडद्यातून हायड्रोजन वेगळा काढून दाखवला आणि काही महिने ही मांडणी सुरक्षित चालवली. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटानं इंडियम-गॅलियम नायट्राइड वापरून, भिंगानं उजेड एकवटून आणि पाणी ७० अंशांना ठेवून ९.२ टक्के गाठले. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या उन्हात तोच गट ६.२ टक्क्यांपर्यंत आला. तो पदार्थ पावडरीसारखा स्वस्त नाही.

हे आकडे आपल्या एकरात मांडून बघू. दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी ५ युनिट ऊन धरलं, तर १ टक्का कार्यक्षमतेनं रोज दीड ग्रॅम हायड्रोजन. एक एकर पूर्ण झाकला तर सहा किलोच्या वर, म्हणजे युरियाच्या सव्वा ते दीड गोणीपुरता. १० टक्क्यांनी ६० किलोच्या वर, तेरा-चौदा गोण्या. आणि पाणी? एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर, म्हणजे १० टक्के साधले तरी एकराला दिवसाला साडेपाचशे लिटर. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलेल्या भागात पाण्याचं नाव काढलं की लोक सावध होतात, ते बरोबरच आहे. पण त्याच एकरात ऊस असेल तर हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे साठ लाख ते एक कोटी लिटर. त्यापुढे हायड्रोजनचे वर्षाचे दोन लाख लिटर किरकोळ आहेत. अडचण प्रमाणाची नाही, गुणाची आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार पावडरीच्या ठिपक्यांवर बसतात, म्हणून पाणी शुद्ध करून द्यावं लागेल, आणि शुद्ध करताना काही वाया जाईल ते वेगळंच.

आता कडू भाग. त्याच चौरस मीटरवर साधं सोलर पॅनल लावलं, २० टक्क्यांनी रोज एक युनिट वीज काढली आणि ती इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेनं पाणी फोडणाऱ्या यंत्राला, दिली, तर किलोमागे ५०-५५ युनिटांच्या हिशेबानं १८-२० ग्रॅम हायड्रोजन आजच मिळतो. वायूही दोन वेगळ्या नळ्यांतून येतात. पावडरीचा दीड ग्रॅम त्यापुढे कुठेच नाही. म्हणून पावडरीनं पाच ते दहा टक्के गाठावेत, वर्षानुवर्षं टिकावं आणि पॅनलपेक्षा बरीच स्वस्त असावी, तेव्हाच तिच्यात पैसे घालणारा कोणी सापडेल. स्वस्तपणा हीच तिची जमेची बाजू, त्यामुळे प्लॅटिनमवर चालणारं किंवा कॅडमियम पाण्यात सोडणारं कंपोझिट कितीही आकडे देवो, मला ते शेतापर्यंत येताना दिसत नाही. कार्बन नायट्राइड, टंगस्टन, लोखंड, निकेल, मोली ग्रीसवालं सल्फाइड, अशा साध्या मालातून कोणी चांगला सांधा जमवला तर गोष्ट वेगळी.

आणि टिकण्याचं काय? निबंधांत बहुतेक वेळा तीन-चार तासांच्या चार-पाच फेऱ्या दाखवून 'पदार्थ स्थिर आहे' असं लिहितात. पंधरा-वीस तास म्हणजे उन्हाळ्यातले दोन दिवस. इथल्या प्रयोगशाळांना झेनॉन दिवा मिळायला वेळ लागतो, गॅस क्रोमॅटोग्राफसाठी दुसऱ्या गावी नमुने पाठवावे लागतात, हे खरं आहे. पण विद्यापीठाच्या गच्चीवर फेब्रुवारी ते मे असं ऊन फुकट आहे. काचेच्या पट्टीवर चिकटवलेली पावडर, एका डब्यात शुद्ध पाणी, दुसऱ्यात बोअरचं, वरची धूळ एकाची पुसायची आणि एकाची तशीच ठेवायची. रोज सायंकाळी उलट्या मापनळीत पाण्यावर जमलेला वायू बघायचा, आणि आठवड्यातून एकदा त्यात हायड्रोजन किती ते तपासून घ्यायचं. शंभराव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या किती टक्के उरलं, हा एक आकडा छापला तर कंपोझिट बनवणाऱ्या कितीतरी जणांना तो लागेल.